लेखा, उज्जोतन, वत्तन : अजिंठ्याची रेषा आणि शाईचे शिक्षण

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) लेण्यांकडे निघालेला मार्ग सिल्लोडवरून जातो. सिल्लोडनंतर गोळेगाव, मग अजिंठा गाव, आणि घाट उतरल्यावर फर्दापूर. ज्या गावाचे नाव लेण्यांना मिळाले ते अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात आहे, याचे भान लेणी पाहावयास जाणाऱ्या बहुतेक उपासकांना नसते. दिवसभरात एकोणतीस-तीस लेणी पालथी घालायची, पद्मपाणीसमोर क्षणभर थांबायचे, महापरिनिर्वाणाच्या शिल्पासमोर त्रिशरण-पंचशील म्हणायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, अशी ही यात्रा असते. श्रद्धेच्या दृष्टीने तिच्यात उणे काढण्यासारखे काही नाही. परंतु भिंतीवरची रेषा कोणी काढली, ती काढणारा हात कसा घडला, आणि तोच हात आज घडू शकेल काय, हे प्रश्न या घाईत विचारलेच जात नाहीत.

अजिंठ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वाकाटक राजा हरिषेण, त्याचा सचिव वराहदेव, सतराव्या लेण्याचा दाता उपेंद्रगुप्त यांच्या कालनिश्चितीवर विद्वानांनी ग्रंथ रचले. कोणत्या भिंतीवर कोणते जातक आहे याच्याही याद्या झाल्या. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने लहान आहे. चित्राचा पोत, चकाकी आणि भाव ही तीन अंगे रेषेतून कशी साधतात, हे शिकण्याशिकविण्याची जी परंपरा अजिंठ्याभोवती घडली, तिचा मागोवा आम्ही घेणार आहोत. आमचे क्षेत्र पाली वाङ्मयाचे असल्यामुळे प्रारंभही तेथूनच करणे इष्ट.

धम्मसंगणीवरील अट्ठसालिनी ही अट्ठकथा परंपरेने आचार्य बुद्धघोषांची मानली जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रा. पु. वि. बापट आणि प्रा. रं. द. वाडेकर यांनी संपादिलेली तिची देवनागरी आवृत्ती १९४२ साली प्रसिद्ध केली, त्यामुळे मराठी अभ्यासकाला ती परकी नाही. तीत ‘चित्त’ या शब्दाची चर्चा करताना आचार्य चित्रकाराचा दृष्टान्त घेतात. पालीत ‘चित्त’ म्हणजे मन आणि ‘चित्त’ म्हणजेच चित्र. या श्लेषावर ती सारी चर्चा उभी आहे. चित्रकाराच्या मनात प्रथम ‘येथे अशी अशी रूपे काढावयाची’ अशी संज्ञा उत्पन्न होते आणि त्या संज्ञेतून हाताच्या क्रिया उपजतात, असे आचार्यांचे प्रतिपादन आहे. त्या क्रियांची नावे ते देतात : लेखागहण, रञ्जन, उज्जोतन आणि वत्तन.

लेखागहण म्हणजे रेषेने आकार पकडणे, आणि रञ्जन म्हणजे रंग भरणे. उज्जोतन म्हणजे उजळविणे. ज्या ठिकाणी प्रकाश पडतो ते ठिकाण चमकते करणे. वत्तन म्हणजे छायेने गोलाई आणि पोत दाखविणे, ज्याला संस्कृत शिल्पग्रंथ ‘वर्तना’ म्हणतात. अभिधम्माच्या अट्ठकथेत, मनाच्या विश्लेषणाच्या ऐन मध्यभागी, चित्रशाळेची ही परिभाषा सहज येऊन जाते. ती ग्रंथकाराने रचलेली दिसत नाही. कारागिरांच्या तोंडची दिसते. आणि तिचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनाचे पाचवे शतक, म्हणजे ज्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याची पहिली, दुसरी, सोळावी आणि सतरावी लेणी खोदली आणि रंगविली जात होती, तोच. बुद्धघोषांनी लेखन केले सिंहलद्वीपात, भिंती रंगल्या सह्याद्रीच्या या रांगेत. तरी दोन्हीकडे कामाचा क्रम एकच आढळतो, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

हा दृष्टान्त मुळात भगवान बुद्धांचा आहे. संयुत्त निकायाच्या खन्धवग्गात ‘चरण’ नावाच्या चित्राचा उल्लेख येतो. ते चित्रही चित्तानेच चित्रित केलेले असते आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विचित्र असते, असा त्याचा आशय. हे ‘चरण’ चित्र म्हणजे काय, हे अट्ठकथा सांगते : काही फिरते लोक कापडावर सुगती आणि दुर्गतीची दृश्ये रंगवून घेत आणि कोणत्या कर्माचे कोणते फळ, हे गावोगाव दाखवीत हिंडत. पैठणची चित्रकथी आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वर्णन वाचून ओळखीचे हसू येईल. चित्र घेऊन फिरणारा आणि चित्राच्या आधाराने कथा सांगणारा माणूस या भूमीत फार जुना आहे.

आता भिंतीकडे वळू. पोताचा विचार रेषेपासून सुरू होत नाही. ज्या पृष्ठावर रेषा पडायची त्या पृष्ठापासून तो सुरू होतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सेनासनक्खन्धक आहे. भिक्खूंच्या निवासाच्या भिंतींना पांढरा, काळा आणि गेरूचा रंग देण्याची अनुज्ञा तीत आहे. रंग खरखरीत भिंतीवर धरेना, तेव्हा तोंडच्या अडचणीप्रमाणे उपाय सांगितले गेले : भाताच्या तुसाचा गोळा लावून थापीने सारखा करावा, मऊ माती लावावी, डिंक किंवा पिठाची खळ वापरावी, मोहरीची पूड किंवा मेण-तेल लावावे. आता अजिंठ्याच्या गिलाव्याचे परीक्षण करणाऱ्यांना त्यात काय सापडले ते पाहा. लोहयुक्त माती, दगडाची भरड, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू. आणि त्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ थर. विनयातील सूचना आणि वाघूरच्या काठची भिंत यांच्यात सात-आठ शतकांचे अंतर असेल, परंतु तूस आणि माती यांचे नाते तुटले नाही. मराठवाड्यातील खेड्यांत भुसा आणि गवत कालवलेल्या मातीने भिंत लिंपणाऱ्या आज्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. त्यांच्या हाताला जे ठाऊक होते ते पुस्तकातून आलेले नव्हते.

त्याच खन्धकात चित्रांविषयीचा प्रसिद्ध निर्बंधही आहे. छब्बग्गिय भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांची ‘पटिभानचित्त’, म्हणजे कल्पनेने रचलेली चित्रे, काढविली. लोकांनी टीका केली. भगवंतांनी ती मना केली आणि फुलांच्या माळा, वेली, मकरदंत आणि पट्ट्यांची नक्षी यांना अनुमती दिली. मग अजिंठ्यात राजे, राण्या, दासी, हत्ती, मर्कट हे सारे कसे, असा प्रश्न आमचे विद्यार्थी नेहमी विचारतात. समन्तपासादिकेत याचे उत्तर मिळते. भिक्खूने स्वतः तर गांडुळाचेही चित्र काढू नये, इतका कडक अर्थ तेथे लावला आहे. परंतु जातककथा, असदिसदान यांसारखे विषय, जे पाहून मनात प्रसाद उपजेल किंवा निब्बिदा जागेल, ते इतरांकडून करवून घेण्यास हरकत नाही. वेलबुट्टी मात्र स्वतः काढली तरी चालेल.

या नियमात दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली अशी की चित्राची परीक्षा येथे विषयावरून होत नाही, भावावरून होते. चित्र मनाला प्रसन्न, श्रद्धावान करते काय, किंवा आसक्तीपासून मागे वळवते काय, एवढेच विचारले आहे. चित्रातील ‘भाव’ हा आधुनिक कलाशिक्षणाचा विषय असल्याचे आपण समजतो. विनयाच्या अट्ठकथेत तो नियमाच्या रूपाने उभा आहे. दुसरी गोष्ट ऐतिहासिक आहे. अजिंठ्याची चित्रे भिक्खूंनी काढली, असे विधान आपल्या सभांतून वारंवार केले जाते. अजिंठ्याचा संघ थेरवादी अट्ठकथांनी बांधलेला होता असे नव्हे. सतराव्या लेण्याच्या ओसरीतील भवचक्र मूलसर्वास्तिवादी विनयातील सूचनेशी जुळते, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. तरीही मनुष्याकृतींनी भरलेल्या या भिंती प्रामुख्याने गृहस्थ कारागिरांच्या हातच्या असाव्यात, असाच निष्कर्ष आम्हाला अधिक सयुक्तिक वाटतो. श्रमिकांचे श्रेय श्रमिकांना देण्यात धम्माचे काहीच उणावत नाही.

हे कारागीर समाजाच्या कोणत्या पायरीवर उभे होते? विनयाच्या सुत्तविभंगात, कोणाचाही जन्म, नाव किंवा व्यवसाय काढून हिणवू नये या शिक्षापदाच्या विवेचनात, त्या काळी लोक ज्यांना हीन शिल्प म्हणत त्यांची यादी आहे : बुरूड, कुंभार, कोष्टी, चर्मकार, न्हावी. उत्कृष्ट मानल्या जाणाऱ्या शिल्पांत हस्तमुद्रेची गणना, हिशेब आणि लेखन येते. चित्रकाराचे नाव दोन्ही याद्यांत नाही. आणि प्रदेशाप्रदेशानुसार उच्चनीचतेची कल्पना बदलते, अशी पुस्तीही तेथे जोडली आहे. ही यादी समाजाची आहे, शास्त्याची नव्हे. शिक्षापद तर तिच्या आधाराने कोणाला हिणवण्याविरुद्धच आहे. दात्यांची नावे शिलालेखांत कोरली गेली, आणि रेषेचे धनी मात्र अनामिक राहिले.

त्यांच्या कामाचा क्रम भिंतीवरच वाचता येतो. पांढऱ्या लेपावर प्रथम गेरूच्या तांबड्या रेषेने सारा आकार काढला जाई. त्यावर पातळ रंगाचा हात, मग ज्याच्या त्याच्या जागचा रंग. आणि अखेरीस काळ्या, तपकिरी किंवा गडद तांबड्या रेषेने आकार पुन्हा पक्का केला जाई. म्हणजे रेषा दोनदा येते, आरंभी शोधणारी आणि शेवटी ठरलेली. पिवळी माती, गेरू, हिरवी माती आणि पांढरा हे रंग जवळपासच्या दगडामातीचे. निळा लाजवर्द मात्र दूरवरून आणलेला. आणि काळा दिव्याच्या काजळीचा. ज्या काजळीत डिंक घालून पुढे पोथ्या लिहिल्या गेल्या तीच ही काजळी. म्हणून अजिंठ्याची शेवटची काळी रेषा आणि शाईची रेषा ही सख्खी भावंडे आहेत, असे आम्ही म्हणतो.

वत्तनाच्या बाबतीत विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राची साक्ष काढावी लागते. ग्रंथ ब्राह्मणी परंपरेचा असला तरी त्यातील तंत्र कारागिरांचे आहे, आणि कारागिराची थापी कोणत्याही संप्रदायाची नसते. त्यात वर्तनेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पत्रजा, म्हणजे पानावरील शिरांसारख्या रेषांनी केलेली. ऐरिका, म्हणजे अतिसूक्ष्म रेषांनी केलेली. आणि बिन्दुजा, म्हणजे ठिपक्यांची. शाईने रेखाटन शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात जे शिकवतात ते हेच : एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी, समांतर बारीक रेषा आणि ठिपके. टाकाच्या निबाला रंगाचा फिका-गडदपणा ठाऊक नाही. शाई एकच काळी. म्हणून करडा रंग तयार करावयाचा तर काळ्या रेषा दाट किंवा विरळ ठेवणे, एवढाच मार्ग उरतो. या मर्यादेतून पोत जन्माला येतो. काळ्या पाषाणाचा खडबडीतपणा तुटक, दिशा बदलणाऱ्या छोट्या रेषांनी. घोंगडीचा पोत एकाच दिशेच्या आखूड फटकाऱ्यांनी. ज्वारीच्या कणसाचा दाणा ठिपक्यांनी. आणि मनुष्याच्या दंडाची गोलाई त्या दंडाभोवती वळणाऱ्या रेषांनी. रेषा जर पृष्ठाच्या वळणाबरोबर वळली नाही तर कितीही दाट जाळी विणली तरी दंड सपाट फळीसारखा दिसतो. अजिंठ्यातील हत्तीच्या सोंडेवरील वळ्या ज्यांनी निरखल्या असतील त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

उज्जोतन त्याहून अवघड आहे, आणि त्यात भिंत व कागद यांचे मार्ग वेगळे होतात. अजिंठ्याचा चित्रकार गडद अंगावर शेवटी पांढरा ठेवतो : नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर, हनुवटीवर. मोत्यांसाठी तो जाड पांढरा रंग टेकवतो, इतका की बाजूने उजेड पडला तर मोती भिंतीतून वर आल्याचा भास होतो. शाईच्या चित्रकाराजवळ असा पांढरा नाही. त्याचा पांढरा म्हणजे कागद. तो प्रकाश घालत नाही. जेथे प्रकाश आहे तेथे हात थांबवतो. पितळी तांब्या चमकता दाखवायचा असेल तर सर्वांत काळी जागा आणि कोरा कागद यांना एकमेकांच्या अगदी शेजारी, मध्ये करडा न ठेवता, आणावे लागते. मोत्याला उलट करडा हवा, मऊ उतरता. त्याचा उजेड एका बिंदूत आणि खालच्या कडेवर परतलेला. केसांची झळाळी लांब रेषा मध्येच तोडून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याने येते. डोळ्यातील पाणी तर एका कोऱ्या टिंबाने. हे टिंब आधी ठरवून राखून ठेवावे लागते, कारण शाई पुसता येत नाही. अट्ठसालिनीतील ‘प्रथम संज्ञा, मग क्रिया’ हा क्रम शाईइतका सक्तीने दुसरे कोणतेही माध्यम शिकवीत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. आपल्या वस्त्यांतील विहारांच्या भिंतींवर आणि जयंतीच्या फलकांवर तथागतांची जी चित्रे काढली जातात, त्यांत चकाकी फार झाली आहे. चेहऱ्यावर चकाकी, चीवरावर चकाकी, कमळावर चकाकी, आणि मस्तकामागे तर विजेचा दिवा. सगळेच उजळले की उज्जोतन उरत नाही. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मुखावर उजेड किती थोडा आहे! खाली वळलेल्या पापण्या आणि एका ओघात काढलेली भुवई, यांनीच तेथे करुणेचा भाव उभा केला आहे. सोळाव्या लेण्यातील नंदाची पत्नी सुंदरी, जिला पाश्चात्त्य अभ्यासकांनी ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे नाव दिले, तिचे रंग आता बरेच गेले. तरी झुकलेली मान आणि निर्जीव पडलेले हात यांच्या रेषेत शोक शिल्लक आहे. सतराव्या लेण्यात राहुल-यशोधरेसमोर भिक्षापात्र घेऊन उभे असलेले तथागत आकाराने अतिशय मोठे आहेत, आणि भाव साधला आहे तो या प्रमाणाने व वर पाहणाऱ्या दोन चेहऱ्यांच्या रेषेने. एकास प्रसाद म्हणावे, दुसऱ्यास निब्बिदा. तिसऱ्यास काय म्हणावे हे आम्ही वाचकांवर सोपवितो.

ही रेषा पुन्हा शिकण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाला, आणि त्याचा इतिहास आगींचा इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांना नक्कल करण्याच्या कामावर नेमले. ते अजिंठा गावच्या बारादरीत राहिले. त्यांची सहचारिणी पारो हिची समाधी गावात आहे. जवळजवळ वीस वर्षांच्या श्रमाने झालेली त्यांची मोठी तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. गिल १८७९ साली भुसावळ येथे वारले. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत यांच्यासारख्या विद्यार्थ्यांनी मोसमामागून मोसम अंधाऱ्या दालनांत उभे राहून नकला केल्या. सुमारे तीनशे चित्रे झाली. ती लंडनला पाठविली गेली आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांपैकी ८७ नष्ट झाली. ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६ मध्ये निघाले. मूळ भिंतींवर या काळात रोगण चढविले गेले, आणि पुढे १९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा गिलावा जागीच धरला खरा, परंतु त्यांनी दिलेली लाखेची पुटेही कालांतराने पिवळी पडली. चकाकी बाहेरून लावली की काय होते, याचे हे भिंतीवरचेच उदाहरण.

लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत (१९०९ ते १९११) हैदराबादेहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन, आणि कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण आले. फर्दापूरच्या मुक्कामात त्यांनी भिंतीवरील रेषा आधी उतरवून घेतली, रंग नंतर. सय्यद अहमद पुढे लेण्यांचे अभिरक्षक झाले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३२ साली अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तर हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याजदानी यांचे चार खंड १९३० पासून १९५५ पर्यंत निघत राहिले.

शाईच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा पाहुणा जपानचा होता. चित्रकार अराई कंपो रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ साली आले आणि जोडासांकोच्या वाड्यातील विचित्रा सभेत त्यांनी जपानी पद्धतीचे रेखाटन शिकविले. नंदलाल बोस तेथे होते. जपानी शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची कांडी. ती दगडावर पाण्याने उगाळायची, आणि जितके उगाळावे तितका काळा गहिरा. बुद्धधम्माबरोबर चीन आणि कोरियामार्गे जपानला पोहोचलेली चित्रविद्या या कांडीच्या रूपाने पुन्हा बुद्धभूमीत आली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. नारा येथील होर्युजी विहाराच्या सुवर्णकक्षातील भित्तिचित्रांत एकसारख्या जाडीची, तारेसारखी ताणलेली रेषा होती. तिचे नाते अभ्यासक अजिंठ्याशी जोडत आले आहेत. अराई आणि त्यांचे सहकारी १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला राहिले आणि त्यांनी जपानी कागदावर नकला केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपानंतर उसळलेल्या आगीत त्या गेल्या. होर्युजीची भिंतही जानेवारी १९४९ मध्ये जळाली.

सिडनहॅम, केन्सिंग्टन, टोकियो या तिन्ही ठिकाणी नकला भस्म झाल्या, परंतु नकला करताना घडलेले हात उरले. अजिंठ्यात काम केलेले कोसेत्सु नोसु यांनी १९३२ ते १९३६ या काळात सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवर तथागतांचे चरित्र रंगविले. आणि नंदलाल बोस शांतिनिकेतनात गेले, तेथील कलाभवन त्यांनी उभे केले, विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना कुंचला आणि काळी रेषा शिकविली. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेली राज्यघटना हस्तलिखित रूपात सजविण्याचे काम आले ते त्यांच्याकडे आणि त्यांच्या शिष्यांकडे.

आपल्या घराघरांत राज्यघटनेची प्रत असते; ती मूळ हस्तलिखिताची छायाप्रत क्वचितच असते. त्या हस्तलिखितातील इंग्रजी अक्षरे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. उद्देशिकेच्या पानाची नक्षी ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. राजमुद्रेतील सारनाथचे सिंह काढण्याआधी दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याने कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंह निरखले, असे सांगतात. पाचव्या भागाच्या आरंभी भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंग आहे, सातव्या भागाच्या आरंभी धम्मप्रसारार्थ निघालेला सम्राट अशोक. ज्या हाताने फर्दापूरच्या तळावरून रोज चालत जाऊन भिंतीवरील रेषा टिपली होती, त्याच्या देखरेखीखाली हे झाले.

रविवारच्या संस्कार वर्गात मुलांना चित्रकला शिकविण्याचा प्रयोग सिल्लोड आणि परिसरातील काही कार्यकर्ते करीत असतात. शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी हे त्यांचे निमित्त असते, आणि ते निमित्त वाईट नाही. परंतु मुलांच्या हाती प्रथमच रंगपेटी देण्याऐवजी टाक आणि शाईची दौत द्यावी, असे आम्ही सुचवू इच्छितो. खर्च कमी, आणि लबाडीला वाव नाही. आरंभ तथागतांच्या मुखापासून करू नये. भगवंतांनी ज्याला अनुमती दिली त्यापासून करावा : वेल, कमळ, माळ. दुसऱ्या लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहिले तर त्याचे शेकडो नमुने मिळतात. मग दगड, घोंगडी, तांब्या. मग हत्ती. मनुष्याचा हात त्यानंतर, आणि डोळा सर्वांत शेवटी. लेण्यांत प्रकाशझोत वापरून छायाचित्र घेण्यास मनाई आहे, उजेड मंद आहे, गर्दी पुढे ढकलते. म्हणून तेथे नुसते पाहावे, आणि रेखाटन बाहेर वाघूरच्या काठी स्मरणाने करावे. स्मरणचित्र हा परीक्षेचाही विषय आहेच.

या सूचनेला एक आक्षेप आमच्या मित्रांकडून येतो, आणि तो पालीतूनच येतो. विसुद्धिमग्गात (धर्मानंद कोसंबींची देवनागरी आवृत्ती १९४० ची) चित्तगुत्त थेरांची कथा आहे. कुरण्डक महालेण्यात ते साठ वर्षांहून अधिक काळ राहिले. त्या लेण्यात सात बुद्धांच्या अभिनिष्क्रमणाचे मनोहर चित्र होते. भेटीस आलेल्या भिक्खूंनी त्याची प्रशंसा केली तेव्हा थेरांनी सांगितले की मी येथे इतकी वर्षे आहे, पण चित्र आहे हे आज डोळे असलेल्यांमुळे कळले. मग चित्र पाहण्याचा आग्रह कशाला, असे मित्र विचारतात.

थेरांनी डोळे वर केले नाहीत कारण त्यांचे चित्त अन्यत्र स्थिर होते, आणि इंद्रियसंवराचा तो आदर्श आम्हाला वंदनीय आहे. आपण मात्र सुट्टीच्या दिवशी पाचशे माणसांच्या रांगेत, दूरध्वनीचा पडदा समोर धरून, बाविसाव्या लेण्यातील नावांसह चित्रित सात बुद्धांजवळून जातो, तेही डोळे वर न करता. ही दोन न पाहणी एक नव्हेत. शिवाय त्या कथेतील भेटीस आलेले भिक्खू चित्र पाहणारे होते, त्याची वाखाणणी करणारे होते, आणि कथेत त्यांना कोठेही दोष दिलेला नाही.

बाविसाव्या लेण्यातील ते चित्र शाईसाठी उत्तम पाठ आहे. सात बुद्ध आणि मैत्रेय एका ओळीत बसले आहेत, प्रत्येकाचा बोधिवृक्ष निराळा. मुखे बहुतांशी सारखी, म्हणून भेद दाखवायचा तो पानांतून : पिंपळाचे लांब टोक, वडाचे जाड पान, शालाचे रुंद पान. विद्यार्थ्याने प्रत्येक वृक्षाची एकेक फांदी निरनिराळ्या वर्तनेने काढून पाहावी, एक पत्रजेने, एक ठिपक्यांनी, आणि वही पुढच्या रविवारी वर्गात आणावी.